सात नंबरची वाघीण

सोमवार, ८ जानेवारी १९७९. निगडी

आलो एकदाचा! कुर्डुवाडीहून पुणे, पुण्याहून चिंचवड, तिथून बसनं निगडी. ट्रंक डोक्यावर आणि ब्रशांची पिशवी काखेत. बसमध्ये एकानं विचारलं, काय राव, कंपनीत लागला का? म्हटलं, कंपनीत नाही, रेल्वेत लागलोय, पण ती रेल्वे एका घराच्या हॉलमध्ये आहे. तो माझ्याकडं असा बघायला लागला की बस्स.

प्राधिकरण म्हणजे सध्या नुसता माळ आहे. सरकारनं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबरचे दगड रोवलेत. माणसं अजून यायचीत. चार-पाच बंगले उठलेत, त्यातला एक अण्णासाहेबांचा. अण्णासाहेब सत्तरीचे, एकटे. पिंपरीतला कारखाना विकून टाकला आणि घरात मालगाडी मांडली. मला जात-पात काही विचारलं नाही, आपल्याच कपबशीतला चहा दिला. माणूस आवडला.

हॉल बघून मात्र तोंडाचा आ वासला. तीस फुटी टेबल, त्यावर रूळ, सांधे, फलाट. फुटाला अर्धा इंच असं प्रमाण. म्हणजे एकेक वाघीण एक फुटाच्या वर लांब, चांगली हातभर म्हणा ना! (आमच्या कुर्डुवाडीत मालडब्याला वाघीणच म्हणतात. जाई लहान असताना विचारायची, बाबा, ती चावती का?) सागवानी सांगाडा, वरून पत्रा, सरकती दारं, सगळं खऱ्यासारखं. अशा चोवीस वाघिणी रंगवायच्या, अक्षरं घालायची, शिवाय माल-शेड, स्टेशन आणि सिग्नलची केबिन बांधायची. वडील वर्कशॉपात पेंटर होते, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. अक्षरात आपला हात कुणी धरू नये.

मागच्या अंगाला मला खोली दिलीय. पहिल्यांदा बाबासाहेबांचा फोटो लावला, मग ट्रंक उघडली. काम मार्चअखेर पुरं झालं की शेजारची दुसरी खोलीही देणार आणि कायम ठेवून घेणार, असा अण्णासाहेबांचा शब्द आहे. मग कस्तुराला आणि जाईला घेऊन यायचं. जूनला जाईचं नाव इथल्याच शाळेत घालीन. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आम्ही तिघं एका छपराखाली अशी सलग दोन वर्षं काही राहिलो नाही. हे काम त्यासाठीच धरलंय.

शुक्रवार, १२ जानेवारी

तीन वाघिणी झाल्या. आधी लालसर प्रायमर, मग गेरूसारखा तांबडा-तपकिरी रंग, दोन हात. दोन हातांच्या मधे एक दिवस वाळू द्यायचं, घाई केली की रंग सुरकुततो. अक्षरं पांढरी. मुंगीच्या पायाएवढी रेघ मारायची तर श्वास धरून मारावी लागते. रेघ संपली की मग दम सोडायचा.

शेवटी टेअर. टेअर म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन, ते तिच्या अंगावर लिहावंच लागतं, मग भरल्यावर माल किती ते कळतं. अण्णासाहेब म्हणाले, खरं तोलून लिहा, अंदाजे नको. म्हणून चतुराबाईंचा स्वयंपाकघरातला तराजू मागून आणला. चतुराबाई म्हणजे इथल्या निगडी गावातल्या, सकाळी येऊन भाजी-भाकरी करून दुपारी जातात. म्हणाल्या, न्हे बाबा, पर रंग लावशील तर हात तोडीन. बाई खमकी आहे.

आमच्या वर्कशॉपातली एक रीत इथंही पाळतो. वाघिणीचं दार लावायच्या आधी आत तोंड घालून हाक द्यायची, कोण हाय का आत? एकदा एक गडी आत सावलीला झोपला होता आणि दार सील होऊन वाघीण लातूरला गेली होती, तेव्हापासूनची ही शिस्त. हातभर वाघिणीत कोण झोपणार म्हणा! पण जित्याची खोड. हाक घातल्याशिवाय माझा हात दाराला लागतच नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

इथं बोलायला माणूस नाही. चतुराबाई बाराला जातात. अण्णासाहेब रुळांवर भिंग घेऊन बसतात, दिवसात दहा शब्द बोलतात. फाटकावर सोनबा आहे. वाघिणींचे सागवानी सांगाडे त्यानंच केलेत म्हणे, हाडाचा सुतार, पण काम संपल्यावर रखवालदार होऊन राहिला. त्याला रामराम घाला, जयभीम घाला, तो नुसता मान हलवतो. दुपारी माळावरून वारं सुटतं आणि सगळ्या बंगल्याच्या काचा हलतात.

आज सात नंबरची वाघीण झाली. हाक घालायला तोंड आत नेलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, "जाई!" म्हणून हाक मारली. मग "कस्तुरा!" अशीही मारली. मग म्हटलं, कोण बघतंय? जाईच्या सगळ्या गमती सांगितल्या आत. दात पडला तो उंदराच्या बिळात टाकताना बोट कसं अडकलं, कस्तुरा चिडली की भाकरी कशी जाड होते, सगळं. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, लपवायचं कशाला! दार लावलं आणि छाती एकदम हलकी झाली. आल्यापासून एवढं हलकं वाटलं नव्हतं.

रविवार, २८ जानेवारी

आता रोज दुपारी सात नंबरशी बोलतो. व्यसनच लागलंय. माल-शेडचा सांगाडा उभा केला, पत्र्यावर खोटा गंजही चढवला, अण्णासाहेब खूष झाले.

आज सोनबाला मुद्दाम विडी दिली आणि गाव विचारलं. बराच वेळ फाटकाच्या कडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, गाव हाय की. कुठलं, म्हटलं तर पुन्हा कडीकडं बघायला लागला. चतुराबाईंना सांगितलं तर त्यांनी पोळपाट खाली ठेवला. म्हणाल्या, करमाळ्याकडचा हाय तो, आला तवा दोन पोरांचं तोंडभरून सांगायचा. आता इचारलं तर म्हंतो, मला कुठली पोरं? त्याचा भाऊ न्यायला आला तर वळखलं न्हाई त्यानं, हाकलून दिला. अन् तू बी त्या डब्यांत तोंड घालून बोलत जाऊ नगंस. सोनबा बी बोलायचा.

बाईमाणूस, काहीतरी मनात घेतात.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सात नंबरचं टेअर मी अठरा तारखेला लिहिलं होतं, दोन किलो चारशे. आज रुळावरून उचलली तर हाताला जड लागली. तोलली. दोन किलो सहाशे सत्तर.

तराजूला दोष असेल म्हणून बाकीच्या तोलल्या. सगळ्या बरोबर, अंगावर लिहिल्याप्रमाणे, दहा ग्रॅमचाही फरक नाही. सात नंबर उघडून आत बॅटरी मारली. रिकामी. लाकडानं दमट हवा धरली असेल, असं म्हणावं तर बाकीच्यांनी का धरली नाही?

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

घरी पत्र लिहायला बसलो. "सौ. कस्तुरा हिस" असं लिहिलं, खुशाली लिहिली. शेवटी पोरीला पापा लिहायचा होता आणि मला तिचं नाव आठवेना. पोटच्या पोरीचं नाव! पाच मिनिटं, दहा मिनिटं. कपाळ भिंतीवर आपटलं. ओठावरही नाही, कुठंच नाही. शेवटी ही वही उघडली आणि मागच्या पानांवरून वाचून काढलं. जाई. ते अक्षर माझं आहे. पण वाचून आत काहीच हललं नाही. दाताची गंमत वाचली, ती दुसऱ्याच कुणाच्या घरातली वाटली.

सात नंबर तोलली. दोन किलो सातशे चाळीस.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

अण्णासाहेबांना तोंडावर विचारलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे भिंग ठेवलं आणि मला त्यांच्या खोलीतल्या जुन्या गाडीपाशी नेलं, मी न रंगवलेल्या, तिच्या एक नंबरच्या वाघिणीपुढं. टेअर दोन किलो चारशे, उचलून बघा म्हणाले. मला दोन्ही हातांनी उचलवली नाही. म्हणाले, हिच्यात माझी इंदू आहे आणि मुलगा आहे. दोघं एका दिवशी गेले म्हणे. मी म्हटलं, म्हणे म्हणजे? तर म्हणाले, चतुराबाई सांगतात. मला काही आठवत नाही, त्यामुळं दुखतही नाही. पूर्वी फार दुखायचं, असंही त्याच सांगतात.

मग म्हणाले, मालगाडी रिकामी पळवण्यात अर्थ नाही, मास्तर. लांबून आलेला एकटा माणूस चांगला भरतो. हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला ओरडताही येईना. मी म्हटलं, फोडतो मी तुमची वाघीण. तर म्हणाले, याच जुन्या गाडीतली चार नंबरची मी फोडली होती. तिच्यात काय होतं ते आता मला कुणीच सांगू शकत नाही.

हातोडी हातात घेऊन अर्धा तास सात नंबरपुढं उभा होतो. झालं नाही माझ्याच्यानं. फोडली आणि आतलं सगळंच मेलं तर?

दाराला कान लावला. आतून, फार लांबून, एक पोर बोलत होती. "बाबा", म्हणाली.

मी "ओ" म्हटलं. सवयीनं. तोंडातून निघून गेलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

कस्तुराचा चेहरा गेला. लग्नातला फोटो ट्रंकेत आहे, तो काढून बघितला. शेजारी मी आहे एवढं कळलं.

काल-आज दर हाकेनंतर तोलून बघितली, हिशेब उमगलाय. दुपारी वारं सुटलं की वाघीण हाक मारते. नुसती हाक आली तर दहा ग्रॅम वाढतात, मी ओ दिली तर साठ-सत्तर. हाक काही मला थांबवता येत नाही. ओ न देणं तेवढं माझ्या हातात आहे.

वहीतून पत्ता उतरवून कस्तुराला पत्र टाकलं. लिहिलं, कामाचं राहू दे, पोरीला घेऊन रविवारी २५ तारखेला ये. येऊन मला धरून घेऊन जा. मी काही म्हटलं, ओळख दिली नाही, तरी हात सोडू नको. पत्रावरचा पत्ता मी छापील अक्षरात काढला, वाघिणीवर काढतो तसा, म्हणजे टपालवाला चुकणार नाही. चतुराबाईंनी स्वतः पेटीत टाकलं. पदरानं डोळे पुसत होत्या.

पंचवीस तारखेपर्यंत काढायचं. डोळ्यांत तेल घालून काढायचं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मी ज्योतीराम. बायको कस्तुरा. मुलगी जाई. गाव कुर्डुवाडी.
(रोज आधी हे लिहायचं, मग बाकीचं.)

पंचवीसची वाट कशाला बघायची, असं वाटून सकाळी ट्रंक घेऊन बसस्टँडवर गेलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी उभाच. तो म्हणाला, अहो भाऊ, कुठं जायचं? मागची माणसं ओरडायला लागली. वही ट्रंकेत होती आणि कुलपाची किल्ली खोलीत राहिलेली. उतरवलं त्यांनी मला.

परत येताना वाट मात्र बरोबर सापडली. या बंगल्याची सापडली.

शनिवार, १७ फेब्रुवारी

मी ज्योतीराम. बायको कस्तुरा. मुलगी जाई. गाव कु

काम सोडत नाही. सोडलं की वारं जास्त ऐकू येतं. केबिन रंगवली. अक्षर अजून शाबूत आहे, देवाशपथ सांगतो— कुठल्या देवाची घ्यायची शपथ? आम्ही घेतो का?

भिंतीवर कोट घातलेल्या, चष्म्यातल्या एका साहेबांचा फोटो आहे. कुणी लावला? बघितलं की मला उभं राहावंसं वाटतं. उभा राहिलो थोडा वेळ. का ते आठवेना, पण बरं वाटलं.

दुपारी हाक. "बाबा." तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. ओ दिली नाही.
सात नंबर: दहा वाढले. फक्त दहा.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मी ज्योतीराम. बायको— आहे. मुलगी— आहे. येणार आहेत रविवारी.

आज बाईच्या आवाजात हाक मारली. "अहो." एवढंच. असा आवाज काढला की सगळं अंग वळलं त्या बाजूला. बोळा होता म्हणून वाचलो.
दहा.

चतुराबाई म्हणाल्या, चल माझ्या घरी, पडवीत ऱ्हा रविवारपत्तूर. निघालोही होतो. फाटकापाशी पाय थांबले. त्या दोघी इथं येणार ना? मी इथं नसलो तर? त्यांना हाच पत्ता दिलाय. परत फिरलो. बाई रडल्या.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मी ज्योतीराम.

हाका चार. "बाबा" तीन, "अहो" एक. ओ नाही. एकदाही नाही.
चाळीस वाढले. बरोबर चार हाका. हिशेब चुकत नाही.

अण्णासाहेब येऊन बसले शेजारी. म्हणाले, कशाला भांडता? काही राहत नाही मग, फार बरं वाटतं. मी बोळा काढला नाही. रडू आलं. कशासाठी ते— नाही, माहीत आहे. रविवारसाठी.

शुक्रवार, २३

मी ज्योतीराम. रविवारी येणार.

हाका सहा. साठ.
ओ नाही.
दोन दिवस. फक्त दोन.

शनिवार, २४. दुपार

मी ज्योतीराम. उद्या येणार. आजचा दिवस काढायचा.

चतुराबाई गेल्या. वारं सुटलं.

आज हाक हॉलमधून नाही. फाटकाकडून. हुशार झाल्यात वाघिणी— जागा बदलून बघतात!

"अहो." बाईचा.
मग पोरीचा. "बाबा. बाबा, आम्ही एक दिस आधीच आलो."

एवढं लांब कधी बोलल्या नव्हत्या. बोळा घातला. खोलीचं दार आतून लावलं. कानांवर हात.

सोनबाचा आवाज— असं कुनी ऱ्हात न्हाई हितं. शाबास सोनबा.

अजून मारतायत. बाई म्हणते, पत्र वाचून जीव राहिला नाही, म्हणून रविवारची वाट बघितली नाही. पोर रडते. फाटकाची कडी हलवते. किती खरं काढलंय रडणं— गच्च धरून बसलो कॉटला. ओ दिली नाही. नाही दिली.

किती वेळ गेला. थांबल्या.
जिंकलो मी!

खिडकीतून बघितलं. रस्त्यानं एक बाई चाललीय, डोक्यावर गाठोडं, बोटाला एक पोर. पोर सारखी वळून बघते. स्टँडकडं चाललीत. ओळखीची नाहीत. एवढ्या उन्हात अनवाणी पोर, बिचारी.

हॉलमध्ये जाऊन सात नंबर तोलली. आज विसाच्या वर हाका झाल्या, म्हणजे दोनशे तरी वाढायला हवेत.

काल होती तेवढीच.
पुन्हा तोलली. तेवढीच. दहासुद्धा नाहीत. एक ग्रॅम नाही.

म्हणजे आज वाघिणीनं हाक मारलीच नाही. एकदाही नाही. मग फाटकाशी ज्या हाका—

स्टँडवर उभ्या आहेत, इथून दिसतायत. बस लागलीय. धावत गेलो तरी पोचणार नाही, हाक मारूनच थांबवायला पाहिजे. काय म्हणून मारू? पोरीचं नाव— तोंड उघडून उभा होतो फाटकात, नुसती हवा आली— वहीत आहे, मागं कुठंतरी लिहिलंय, हे पान नाही, हे नाही, बसचं इंजिन सुरू— सापडलं, इथं, मुलगी